‘जावळ काढल्यापासून केस वाढतच नाहीत’: जन्मजात केशदोषाचे निदान आणि त्याची नोंद

आपल्या प्रश्नाचा आशय मी आधी माझ्या शब्दांत मांडतो. मुलगी चौदा महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा डोकेभर काळे केस होते, पाचव्या महिन्यात जावळ काढले, आणि त्यानंतर आलेले केस बोटाच्या पेरापलीकडे वाढत नाहीत. डोक्याच्या मागच्या बाजूला तर ते खुंटांसारखेच राहतात आणि मानेवर किसणीसारखा खरखरीत पुरळ आहे. एका डॉक्टरांनी चाई समजून स्टेरॉइडचे मलम दिले, दुसऱ्यांनी बायोटिन या जीवनसत्त्वाचे थेंब दिले, आणि घरातील वडीलधारी मंडळी ‘आणखी एकदा चकोट करा, दाट येतील’ असे म्हणत आहेत. हा दोष जन्मजात आहे का, त्याचे निदान नेमके कसे होते, आणि पुढच्या तपासणीला जाताना कोणती नोंद सोबत न्यावी, असे आपण विचारले आहे.

मी वीसहून अधिक वर्षे त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे आणि त्यातला बराच काळ लहान मुलांच्या केसांच्या तक्रारी पाहण्यात गेला आहे. मुलीला न पाहता रोगाचे नाव सांगणे मला योग्य वाटत नाही. आपल्या वर्णनाचा कल एका विशिष्ट दिशेने निश्चितच आहे. ती दिशा कोणती आणि का, हे पुढे येईलच. एक गोष्ट मात्र आजच सांगतो: तपासणी होईपर्यंत मुलीचे डोके पुन्हा भादरू नका. वस्तऱ्याने केसाच्या मुळाला काही इजा होत नाही, कारण वस्तरा कातडीच्या पातळीवर फिरतो आणि मूळ त्याच्या काही मिलिमीटर खाली असते. त्याच कारणाने चकोट केल्याने केस दाटही होत नाहीत. नुकसान होते ते वेगळेच. ज्या केसांवरून निदान व्हायचे तेच केस न्हाव्याच्या टॉवेलवर जातात आणि पुढचे तीन-चार महिने डॉक्टरांच्या हाती पाहण्याजोगे काही उरत नाही.

आता ‘जन्मजात’ या शब्दाकडे वळतो, कारण सगळा घोटाळा तिथे होतो. केशदंडाचा, म्हणजे कातडीबाहेर दिसणाऱ्या केसाचा, दोष जनुकात असला तरी तो पहिल्या दिवशी दिसेलच असे नाही. बाळ पोटात असताना आलेले केस जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत गळतात. डोक्याच्या मागच्या भागातले केस तर आठ ते बारा आठवड्यांच्या सुमारास झडतात आणि आपण ‘बाळ उशीवर डोके घासते’ असे म्हणतो. कित्येक जन्मजात दोषांत हे पहिले केस बऱ्यापैकी असतात आणि त्यांच्या जागी येणारी दुसरी फळी सदोष असते. आपल्याकडे जावळ काढण्याची वेळ नेमकी याच अदलाबदलीच्या काळात किंवा तिच्या मागोमाग येते, त्यामुळे दोषाचे खापर बिचाऱ्या जावळावर फुटते. आई-वडील ‘जन्मतः केस चांगले होते’ असे सांगतात, डॉक्टर ते ऐकून जन्मजात दोषाची शक्यता खोडून टाकतात, आणि दोघांचेही बोलणे आपापल्या जागी प्रामाणिक असूनही निष्कर्ष चुकतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात तीन वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता; डोक्यावर एकही केस नव्हता, भुवया जेमतेम होत्या. सर्वांगाचे केस घालवणारी चाई समजून मी त्याला आठ महिने स्टेरॉइड दिले. पहिल्याच भेटीत त्याची आजी म्हणाली होती, ‘जावळ काढलं ते काढलंच, पुन्हा उगवलेच नाहीत.’ मी ते लोकसमजुतीच्या खात्यात टाकले आणि केसपेपरवर लिहिलेही नाही. पुढे त्याच्या गालांवर आणि गुडघ्यांवर मोहरीएवढ्या पुटकुळ्या दिसू लागल्या, बायोप्सीत केशमुळांच्या जागी बारीक गाठोळी सापडली, आणि विचारल्यावर कळले की आई-वडील मामे-आते भावंडे होती. तो पुटकुळ्यांसह येणारा जन्मजात केशाभाव होता. त्यामागचे ‘हेअरलेस’ नावाचे जनुक १९९८ साली ओळखले गेले आहे, आणि त्यावर स्टेरॉइडचा काडीइतका उपयोग होत नाही. आजीने निदान सांगितले होते. मी फक्त तारीख विचारायला हवी होती.

म्हणून नोंदीची सुरुवात मी तारखांपासून करायला सांगतो, आणि त्यासाठी आपल्या घरात तयार साधन असते. प्रसूतीनंतरचा रुग्णालयातला पहिला फोटो, बारसे, उष्टावण, जावळाच्या आधीचा दिवस, पहिला वाढदिवस, हे सगळे फोनमध्ये तारीखवार पडलेले असतात. बारशाच्या फोटोंचा एक त्रास असा, की बहुतेकांत बाळाच्या डोक्यावर कुंची असते; तेव्हा आंघोळ घालतानाची किंवा पाळण्यातली साधी छायाचित्रे शोधावीत. प्रत्येक टप्प्याचा एक-एक निवडून, तेव्हाचे वय खाली लिहून, ओळीने लावावेत. केस नेमके कोणत्या महिन्यात आखूड झाले, आणि जावळाच्या आधीच मागची बाजू विरळ होऊ लागली होती का, हे त्यातून दिसते. माझ्या अनुभवात याचे उत्तर पुष्कळदा ‘होय’ असे निघते आणि घरच्यांनाच त्याचे आश्चर्य वाटते.

आजची छायाचित्रे त्याहून थोड्या शिस्तीने घ्यावी लागतात. खिडकीजवळचा सारखा उजेड, मागे एकरंगी चादर आणि एका फोटोत केसांलगत धरलेली मोजपट्टी एवढे पुरे. समोरून, वरून, दोन्ही बाजूंनी आणि मानेकडून असे पाच. त्याशिवाय भुवया, पापण्या, नखे, तळहात, तळपाय, दंडाची बाहेरची बाजू आणि आलेले दात. दर तीन महिन्यांनी हेच कोन पुन्हा टिपावेत. फ्लॅश टाळावा, कारण काळ्या केसांवर तो चकाकी आणतो आणि चकाकी हीच काही दोषांत खूण असते. आपण प्रश्नासोबत मुलीचा चेहरा दिसणारा फोटो टाकला आहे, तो कृपया काढून घ्या. मोठी झाल्यावर तिला तो इथे असणे आवडेलच असे नाही आणि निदानाला चेहऱ्याचा उपयोगही नाही.

आता मूळ तक्रार. ‘केस वाढत नाहीत’ या वाक्याचे तीन अर्थ असू शकतात: केस उगवतच नाहीत, उगवतात पण तुटतात, किंवा उगवतात पण मुळासकट सहज निघून येतात. डोक्यावरचा केस साधारण महिन्याला एक सेंटिमीटर वाढतो. शंका असेल तेव्हा मी मागच्या बाजूला नखाएवढ्या जागेतले केस कातरीने कातडीलगत कापतो, त्या जागेचा फोटो घेतो आणि चार आठवड्यांनी पुन्हा पाहतो. तिथे सेंटिमीटरभर केस आला असेल तर कारखाना चालू आहे, माल वाटेत मोडतो आहे असे समजावे. आपल्या मुलीच्या बाबतीत खुंट आहेत, म्हणजे केस उगवत आहेत. हळूच ओढल्यावर न दुखता झुबका हातात येत नसेल, तर तिसरी शक्यताही मागे पडते. उरते ती ठिसूळपणाची.

ठिसूळ केसाचा नमुना घेण्याची पद्धत फार सोपी आहे आणि तरीही ती बहुतेक वेळा चुकते. केस उपटू नये, कापावा. ठिसूळ केस ओढला की सर्वांत कमकुवत जागी तुटतो आणि पाहण्याजोगा भाग आतच राहतो. शिवाय चिमट्याने केस चेपला, पिळला जातो आणि ती नवी खूणच दोष म्हणून वाचली जाते. मुळासकट केस हवा असतो तो फक्त केस सैल बसलेले असल्याची शंका असेल तेव्हा, आणि ते काम डॉक्टरांनी करावे. नमुन्याच्या दोन दिवस आधीपासून तेल लावू नये. टाळू भरण्याची सवय असेल तर तीही तेवढ्यापुरती थांबवावी, कारण तेलकट केसाला धूळ आणि कापसाचे धागे चिकटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते गाठींसारखे दिसतात. माथा, दोन्ही कानशिले आणि मान अशा जागांवरून दहा-पंधरा केस लहान कातरीने कातडीला लागून कापावेत. ते पांढऱ्या कागदावर समांतर ठेवावेत, मुळाकडच्या टोकावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, त्या बाजूला ‘मूळ’ असे लिहून बाण काढावा आणि खाली जागा व तारीख टाकावी. कागदी पाकीट वापरावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत केस भिंतीला चिकटून बसतात आणि काढताना मोडतात.

‘मूळ’ लिहिण्याचा आग्रह का, ते सांगतो. सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांत जास्त वेळा दिसणारा दोष म्हणजे दोन कुंचले एकमेकांत खुपसल्यासारखी दिसणारी गाठ. तशा गाठी कोणाही माणसाच्या केसांत घासाघाशीने, ओढून विंचरल्याने किंवा सरळ करण्याच्या यंत्राने होऊ शकतात, पण त्या टोकाकडे असतात. त्याच गाठी कातडीजवळच्या कोवळ्या भागात, तेही तान्ह्या मुलात दिसल्या, तर अर्थ निराळा होतो, आणि मग मी रक्तातील अमोनिया व अमिनो आम्ले तपासायला सांगतो, कारण अर्जिनिनोसक्सिनिक ॲसिडुरिया हा चयापचयाचा विकार केसांत असाच प्रकटतो. कोणते टोक मुळाकडचे आहे हे ठाऊक नसेल तर हा भेदच करता येत नाही.

काचपट्टीवर केस मांडून, थोडे लिक्विड पॅराफिन आणि वर आच्छादन काच ठेवून साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले की बहुतेक उत्तरे तिथेच मिळतात. आपल्या मुलीच्या वर्णनावरून मला जी शंका येते ती मोनिलेथ्रिक्सची. वॉल्टर स्मिथ या डॉक्टरांनी १८७९ मध्ये डब्लिनहून त्याचे पहिले वर्णन केले. या विकारात केस माळेतल्या मण्यांसारखा दिसतो: लंबगोल फुगवटा, मग बारीक कंबर, पुन्हा फुगवटा, आणि हे अंतर पाऊण ते एक मिलिमीटर असे जवळजवळ मोजून ठेवल्यासारखे असते. गंमत अशी की फुगवटा हा दोष नाही; त्याची जाडी नेहमीच्या केसाइतकीच असते, दोष आहे तो कंबरेत, आणि केस मोडतोही तिथेच. मानेवरची घर्षणाची जागा म्हणून मागचे केस आधी जातात आणि तिथल्या केशमुळांच्या तोंडाशी खरखरीत काटे उभे राहतात. आपण किसणीची उपमा दिली आहे ती त्यालाच लागू पडते. केस दोन-तीन मिलिमीटरचेच असतील तर ते कापण्याऐवजी डर्मोस्कोप, म्हणजे कातडी पाहण्याचे दिवा असलेले भिंग, जागेवरच टेकवून पाहणे बरे. त्यात हे केस ठरावीक अंतराने वेगवेगळ्या बाजूंना मुडपलेल्या फितीसारखे दिसतात. चाईतही कधी केसाला कंबर पडते, परंतु ती एखाद-दुसरी आणि अनियमित असते. शिवाय चाईचा चट्टा हाताला गुळगुळीत लागतो.

इतर नमुन्यांचा उल्लेख त्या मानाने थोडक्यात करतो. चपटी फीत स्वतःभोवती पिळल्यासारखा केस म्हणजे पिली टॉर्टी. याच्यासोबत बहिरेपण असू शकते, म्हणून श्रवणचाचणी हवीच. उखळीत मुसळ बसावे तसा केसाचा एक भाग दुसऱ्यात रुतलेला दिसला, तर ते नेदरटन सिंड्रोमचे, म्हणजे अंग लाल व खपल्यांचे करणाऱ्या जन्मजात विकाराचे, चिन्ह. ते डोक्याच्या केसांत सापडले नाही तर भुवईच्या केसांत शोधावे, आणि एकदा सापडले नाही म्हणून नाकारू नये. ट्रायकोथायोडिस्ट्रॉफी या ठिसूळ केसांच्या विकारात केसातील गंधकाचे प्रमाण कमी असते आणि दोन ध्रुवक (प्रकाश एकाच प्रतलात सोडणाऱ्या) पट्ट्यांमध्ये केस धरला की वाघाच्या शेपटीसारखे उजळ-गडद पट्टे दिसतात. तान्हेपणी ते नसतात आणि नंतर उमटतात असेही घडते. विंचरता न येणारे, चंदेरी, चहूबाजूंना उभे राहणारे केस असतील तर केसाचा छेद त्रिकोणी असतो, आणि तिथे मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा खरा उपयोग होतो. त्यामागची तीन जनुके २०१६ साली सापडली. एरवी ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीशिवाय निदान होणार नाही’ असे कोणी म्हणाले तर साधी काचपट्टी पाहिली का, हे नम्रपणे विचारावे.

एक सावधगिरी प्रयोगशाळेच्या अहवालाबद्दल. निरोगी मुलाच्या शंभर केसांत एखादा पिळलेला किंवा गाठ असलेला केस मिळतोच. त्यामुळे अहवालात किती केस पाहिले, कोणत्या जागेचे, त्यांपैकी किती सदोष होते आणि दोष मुळापासून किती अंतरावर होता, हे लिहिलेले असावे. ‘केशदंडात विकृती आढळली’ एवढ्या एका ओळीवर मी काहीही ठरवत नाही. शक्य असेल तर सूक्ष्मदर्शकातील दृश्याचा फोटो मागून घ्या. मोबाइलचा कॅमेरा भिंगाला टेकवून काढलेलाही चालतो. पाच वर्षांनी दुसरा डॉक्टर शब्दांपेक्षा त्या फोटोवर अधिक विश्वास ठेवेल.

केसांकडे पाहता पाहता मूल पाहायचे राहून जाऊ नये. पुढील गोष्टी असतील तर तपासणी लांबवू नये. मुलगा असून केस विरळ, फिकट व पिळलेले, मान न सावरणे, झटके येणे, वजन न वाढणे, असे एकत्र दिसले तर तांब्याच्या वहनातील दोषाचा, म्हणजे मेन्केस विकाराचा विचार तातडीने करावा लागतो, कारण तांब्याची इंजेक्शने पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाली तरच त्यांचा उपयोग होण्याची शक्यता असते. मात्र नवजात बाळात रक्तातील तांबे मुळातच कमी असल्याने एका चाचणीवर भिस्त ठेवता येत नाही. केस लोकरीसारखे आणि तळहात-तळपाय जाड असतील तर हृदयाचा ईसीजी व इको करावा. ग्रीसमधील नाक्सोस बेटावरून ज्या विकाराला नाव मिळाले त्यात केस जन्मापासून सांगत असतात, हृदय मात्र पुढे कित्येक वर्षांनी तक्रार करते. चंदेरी केसांसोबत वारंवार ताप व जंतुसंसर्ग हीदेखील थांबण्याची वेळ नव्हे. जन्मापासून अंग लाल आणि खपल्यांचे असेल तर टॅक्रोलिमससारखे, कातडीचा दाह कमी करणारे मलमही विचार करूनच लावावे, कारण नेदरटनच्या कातडीतून ते रक्तात फार जास्त शोषले जाते. आपण लिहिलेल्या माहितीत यांपैकी काही नाही, आणि ती चांगली बातमी आहे.

घामाबद्दल मात्र आपण काही लिहिलेले नाही, म्हणून विचारतो. उन्हाळ्यात मुलीला घाम येतो का, की कारण नसताना ताप चढतो? दात वेळेवर आणि नेहमीच्या आकाराचे आले आहेत, की सुळ्यासारखे टोकदार? विरळ केस, टोकदार दात आणि घामाचा अभाव ही एक्टोडर्मल डिस्प्लेसियाची, म्हणजे केस, दात व घामाच्या ग्रंथी नीट न घडण्याच्या जन्मजात विकाराची, जुनी ओळख आहे. सिंध मुंबई इलाख्यात होता त्या काळात, तिथल्या एका हिंदू कुटुंबातील चार पिढ्यांत दहा पुरुषांना दात व केस अगदी थोडे आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल, अशी नोंद डार्विनने केली होती. दोष पुरुषांतच दिसतो, मुलींमध्ये नाही, हेही त्यात होते. जनुक म्हणजे काय हे ठाऊक नसतानाही केवळ नीट विचारून लिहिलेल्या वंशावळीतून आनुवंशिकतेचा धागा हाती लागला होता.

तशीच वंशावळ आपणही मांडावी: तीन पिढ्या, दोन्ही बाजूंच्या. कोणाचे केस लहानपणी आखूड राहिले, कोण कायम पदर किंवा टोपी घेत असे, कोणाला ऐकू कमी येते, कोणाचे मूल तान्हेपणी गेले. आई-वडिलांचे लग्न नात्यातले आहे का, हा प्रश्न अवघडल्यासारखा वाटला तरी स्पष्ट उत्तर द्यावे. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवल नाही, आणि दोष अप्रभावी, म्हणजे आई व वडील दोघांकडून आला तरच दिसणारा, असेल तर त्या एका उत्तराने शोधाची दिशा बदलते. मोनिलेथ्रिक्स बहुधा प्रभावी पद्धतीने येतो, म्हणजे एका पालकाकडून प्रत्येक अपत्याला पन्नास टक्के शक्यता. त्यातील केराटिनचे, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याचे, पहिले जनुक १९९७ साली ओळखले गेले. नात्यातील लग्नानंतर दिसणारा अप्रभावी प्रकारही आहे. चित्र स्पष्ट असेल आणि मुलगी एरवी ठणठणीत असेल तर जनुकीय चाचणीची मी घाई करत नाही. पुढच्या अपत्याचा विचार असेल, किंवा केसांखेरीज काही आढळले असेल, तर ती करावी, पण आधी आणि नंतर जनुकीय समुपदेशकाशी बोलून; ‘अर्थ अनिश्चित’ असा निकाल येऊ शकतो आणि तो एकट्याने वाचण्यासारखा नसतो.

उपचाराबद्दल लिहिण्यासारखे फार नाही, हे मान्य करतो. मोनिलेथ्रिक्स असेल तर तो मुळातून घालवणारे औषध आज नाही. मिनॉक्सिडिल या केस वाढवण्याच्या औषधाने काहींना फायदा झालेला आहे, परंतु चौदा महिन्यांच्या मुलीला ते मी देणार नाही. रुंद दातांची फणी, घट्ट बो आणि रबरबँड टाळणे, मऊ कापडाची उशी, एवढे सांभाळावे. वय वाढेल तसे केस सुधारल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, पण प्रत्येकाला तसे आश्वासन देता येत नाही. स्टेरॉइडच्या मलमाचे इथे काम दिसत नाही, ते बंद करण्याविषयी देणाऱ्या डॉक्टरांशीच बोलावे. बायोटिनही शरीरात त्याची उणीव असल्याशिवाय काही करत नाही. उलट ते चालू असताना थायरॉइडसारख्या काही रक्तचाचण्यांचे आकडे फसवे येतात, म्हणून रक्त देताना ते चालू आहे हे सांगावे.

तपासणीला जाण्याआधीची एक गोष्ट राहिली. मोनिलेथ्रिक्स एकाच घरात फार वेगवेगळ्या तीव्रतेने दिसतो. मुलीचे डोके उघडे पडलेले असते आणि जिच्याकडून तो आला त्या आईला लांब वेणी असते, फक्त मानेच्या मागच्या रेषेवरचे बारीक केस वर्षानुवर्षे ‘तिथे येतच नाहीत’ म्हणून सोडून दिलेले असतात. तेव्हा मुलीचे केस ज्या कागदावर चिकटवाल त्याच कागदावर, खाली दोन वेगळ्या ओळी आखून, आपल्या आणि मुलीच्या वडिलांच्या मानेवरचे दहा-दहा केस लावा आणि ओळीच्या सुरुवातीला ‘आई’, ‘वडील’ असे लिहा.